इंजिनात ठेवलेली माया

पुण्याजवळच्या रांजणगावातून फियाटच्या दोन गाड्या बाहेर पडल्या. २०१० साली लिनिआ टी-जेट आली, तिची ताकद ११४ अश्वशक्ती. २०१५ साली अबार्थ पुन्तो आली, तिची १४५. दोन्हींत इंजिन टी-जेट घराण्याचंच होतं, चार सिलिंडरचं, १३६८ सीसीचं. कंपनीने ते दुसऱ्यांदा वेगळ्या रीतीने ट्यून केलं आणि तीस-एक घोडे वाढले. हे आकडे वाचून लिनिआच्या मालकाच्या मनात जो प्रश्न आला असेल, त्यावरच एक अख्खा धंदा उभा आहे. कंपनीला जे जमतं, ते माझ्या गाडीत मला का करून घेता येऊ नये?

या धंद्याचं बोलीतलं नाव ‘रिमॅप’. गाडीच्या इंजिनाचा कारभार पाहणारा एक छोटा संगणक असतो, त्याला ईसीयू म्हणतात. त्याच्यातले आकडे बदलायचे आणि त्याच लोखंडाकडून जास्त काम काढून घ्यायचं, याला रिमॅप म्हणतात. ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीच्या पट्ट्यात याचा गिऱ्हाईक भरपूर. दिवसभर संगणकासमोर बसणारा आणि शनिवारी सेकंडहँड ऑक्टाव्हिया पुसणारा डोंबिवलीकर त्यात आहे, चाकणला बनलेली पोलो जीटी जपून ठेवलेला कल्याणचा तरुण आहे, आणि घोडबंदर रस्त्यावरच्या टॉवरच्या तळघरात जग्वार उभी करणारा उद्योजकही आहे. गाडीवरचा नंबर एमएच ०४ असो की एमएच ०५, मागणी एकच. “दादा, पिकअप वाढवून द्या.”

वाढवून देता येतो, हे खरं. पण तो येतो कुठून, हे आधी समजून घ्यायला हवं. चांगला शिंपी शिवणीत थोडी माया ठेवतो, म्हणजे पुढे अंग सुटलं तर कपडा उसवून सैल करता येतो. गाडीची कंपनीही इंजिनात अशी माया ठेवते. तीच गाडी लेहच्या विरळ हवेत चालली पाहिजे, चंद्रपूरच्या मे महिन्यात चालली पाहिजे आणि आडगावच्या पंपावरचं जेमतेम पेट्रोल पिऊनही चालली पाहिजे. मालक ऑइल वेळेवर बदलेलच असं नाही, एअर फिल्टर साफ करेलच असंही नाही. शिवाय गिअरबॉक्सची मर्यादा असते, धुराचे नियम असतात आणि महागडं मॉडेल स्वस्त मॉडेलपेक्षा जोरदार दिसलं पाहिजे ही विक्रीखात्याची गरजही असते. हे सगळं जमेला धरून कंपनी इंजिनाला त्याच्या कुवतीपेक्षा थोडं कमीच पळवते. ट्यूनर ही माया उसवतो. किती उसवायची आणि किती ठेवायची, एवढाच या कसबातला खरा प्रश्न आहे.

कानाने ऐकायचं टायमिंग

या पट्ट्याला मोटारीचं नवल नाही. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, तिची पद्मिनी कुर्ल्याला बनायची. कंपनीचा दुसरा कारखाना डोंबिवलीजवळ, कल्याण-शिळ रस्त्याला होता. १९९०च्या दशकात फ्रान्सच्या प्यूजोशी भागीदारी करून प्यूजो ३०९ ही गाडी तिथे बनवली गेली. ती भागीदारी काही वर्षांतच मोडली. गाडी गेली, पण सभा-मेळाव्यांच्या निमित्ताने प्रीमियर मैदानाचं नाव अजून ऐकू येतं. इकडे ठाण्यात वागळे इस्टेट आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १ ऑगस्ट १९६२ रोजी इथेच झाली. जुने कारखाने एकेक करून आटले आणि त्यांच्या गाळ्यांत व शेडमध्ये इतर धंद्यांबरोबर मोटारींची वर्कशॉपही आली.

पद्मिनीच्या काळातला मिस्त्रीही ट्यूनरच होता. डिस्ट्रिब्युटर हाताने किंचित फिरवायचा, पॉइंटचा गॅप लावायचा, कार्ब्युरेटरचा स्क्रू पाव आटा सोडायचा आणि कान देऊन ऐकायचं. चढावर इंजिन ‘नॉक’ करायला लागलं, म्हणजे आतून कुणी खडे वाजवल्यासारखा आवाज आला, की टायमिंग मागे घ्यायचं. प्लग काढून त्याचा रंग बघायचा. काळा असेल तर पेट्रोल जास्त, पांढुरका असेल तर कमी. आजचा ट्यूनर लॅपटॉपवर जे करतो त्याचा गाभा हाच आहे, हवेला किती पेट्रोल आणि ठिणगी नेमकी कधी.

फरक पडला तो हिशेबाच्या बारकाईत. बॉशने १९६७ साली फोक्सवॅगन १६००मध्ये डी-जेट्रॉनिक ही इलेक्ट्रॉनिक इंधन-फवारणी आणली. १९७९ साली बीएमडब्ल्यू ७३२आयमध्ये मोट्रॉनिक आलं आणि इंधन व ठिणगी या दोन्हींचा हिशेब एकाच डब्यात गेला. आपल्याकडे १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात सिएलो, सँट्रो, होंडा सिटी अशा गाड्यांबरोबर ‘एमपीएफआय’, म्हणजे इलेक्ट्रॉनिक इंधन-फवारणी, हा शब्द लोकांच्या तोंडी बसला आणि धुराचे नियम कडक झाले तसा कार्ब्युरेटर निवृत्त झाला. पुढे एप्रिल २०१०पासून गाडीत स्वतःचे दोष स्वतः नोंदवणारी ओबीडी व्यवस्था सक्तीची होत गेली. २०१३मध्ये तिचा दुसरा, जास्त काटेकोर टप्पा आला. स्टिअरिंगखालच्या ज्या सॉकेटला आज ट्यूनर आपली वायर लावतो, ते सॉकेट आलं तपासणीसाठी. दुरुस्तीवाल्यासाठी केलेल्या दारातून ट्यूनर आत शिरला.

फाईल काढायची, फाईल भरायची

चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ६००० फेरे घेत असेल तर सेकंदाला २०० ठिणग्या पडतात. क्रँक एक अंश फिरायला सेकंदाचा छत्तीस हजारावा भाग लागतो. एवढ्या वेळात सगळं गणित नव्याने मांडण्यापेक्षा तयार कोष्टकांत पाहणं सोपं पडतं, म्हणून ईसीयूत शेकडो तक्ते भरलेले असतात. आडवे फेरे, उभा भार, आणि चौकटीत उत्तर. या फेऱ्यांना, या भाराला ठिणगी किती अंश आधी, इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा, टर्बोचा दाब किती. या तक्त्यांना ‘मॅप’ म्हणतात.

काम सुरू होतं ते गाडीची प्रकृती पाहण्यापासून. दोषांचे कोड वाचायचे, प्लग, कॉइल, फिल्टर, ऑइल, हवेच्या नळ्यांची गळती तपासायची. मग गाडी चालवून लॉग घ्यायचा. हवेचं तापमान, दाब, इंधनाचं प्रमाण, नॉकमुळे मागे घेतलेलं टायमिंग, सगळं क्षणाक्षणाला नोंदवायचं. आजारी इंजिनाला रिमॅप करणं म्हणजे ताप असताना तालमीत उतरवणं. नीट ट्यूनर अशी गाडी परत पाठवतो.

मग मूळ फाईल, म्हणजे ‘स्टॉक फाईल’, काढायची. काही गाड्यांत ती ओबीडी सॉकेटमधूनच निघते, काहींत ईसीयू सोडवून टेबलावर घ्यावा लागतो आणि अगदी बंदिस्त असला तर उघडावाही लागतो. इटलीच्या एलियनटेकची केस आणि के-टॅग ही यंत्रं यासाठी जगभर चालतात आणि त्यांच्या चिनी नकलाही चालतात. फाईल भरताना बॅटरीचा दाब खाली आला किंवा नकली यंत्राने मध्येच दगा दिला, तर ईसीयू मरतो आणि लाखोंच्या गाडीचा ठोकळा होतो. म्हणून या कामात बॅटरीला स्थिर वीजपुरवठा जोडून ठेवतात. वीज कधी जाईल याचा भरवसा नसलेल्या औद्योगिक वसाहतीत तर हा नियम दुप्पट महत्त्वाचा.

निघालेली फाईल म्हणजे नुसती आकड्यांची गर्दी. जर्मनीच्या ईव्हीसी कंपनीचं विनओएलएस हे सॉफ्टवेअर ती गर्दी तक्त्यांच्या आणि चढउतारांच्या आलेखांच्या रूपात दाखवतं. कुठला तक्ता कशाचा, हे ओळखणं हीच पहिली परीक्षा. नव्या ईसीयूंत नुसता एक तक्ता बदलून भागत नाही. पायाखालचं पेडल दाबलं की ईसीयू ते ‘एवढा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, हवा’ अशा मागणीत बदलतो. ती मागणी गिअरबॉक्सच्या, तापमानाच्या, सुरक्षेच्या मर्यादांतून गाळून घेतो आणि मगच हवा, इंधन, ठिणगी ठरवतो. दाब वाढवला पण टॉर्कची मर्यादा तशीच ठेवली, तर ईसीयूला काहीतरी बिघडलंय असं वाटतं आणि तो थ्रॉटल मिटून घेतो. गाडी ‘लिंप मोड’मध्ये जाते, म्हणजे लंगडत घरी येते.

इथेच या धंद्यातल्या दोन जाती वेगळ्या होतात. एक स्वतः तक्ते वाचून बदलणारे. दुसरे फक्त फाईल काढून ती ऑनलाइन कुणाला तरी पाठवणारे. अर्ध्या तासात बदललेली फाईल परत येते, ती भरली की काम झालं. पाठवणाऱ्याला आत काय बदललं हे ठाऊक नसतं आणि बदलणाऱ्याने गाडी पाहिलेली नसते. दूर कुठेतरी बसून केलेली फाईल कसाऱ्याच्या घाटात कशी वागेल, हे दोघांपैकी कुणीच सांगू शकत नाही.

आणि तिसरी जात निव्वळ डोळ्यांत धूळ फेकणाऱ्यांची. पेडल थोडं दाबलं तरी थ्रॉटल जास्त उघडेल असा एकच बदल करायचा. गाडी उसळते आणि गिऱ्हाईक खूश होतो. पूर्ण पेडल दाबल्यावर मिळणारी ताकद मात्र होती तेवढीच असते. खरं-खोटं ठरवायला डायनो लागतो. रोलरवर गाडीची चाकं फिरवून प्रत्येक फेऱ्याला किती ताकद मिळते याचा आलेख काढणारं हे यंत्र. त्याच यंत्रावर, त्याच दिवशी, आधी आणि नंतर घेतलेला आलेख हाच पुरावा. दुसऱ्या शहरातल्या दुसऱ्या यंत्राचा छापील कागद म्हणजे जाहिरात.

फायदा किती होतो, हेही इंजिनावर ठरतं. टर्बो पेट्रोल गाडीत निव्वळ सॉफ्टवेअर बदलून, म्हणजे ‘स्टेज वन’मध्ये, पाव हिश्शाच्या आसपास वाढ मिळू शकते, कारण हवेचा दाब वाढवता येतो. साध्या, टर्बोविना इंजिनात हवा तेवढीच येते, त्यामुळे मोठ्या खर्चाच्या मानाने हाती फारसं काही लागत नाही. वाढ मिळाली तरी ती पेलणारे भाग पाहावे लागतात. पोलो जीटी टीएसआय २०१३ साली आली तेव्हा तिचा टॉर्क १७५ न्यूटन-मीटर होता. तिच्या सात गिअरच्या कोरड्या क्लचच्या डीएसजी गिअरबॉक्सची मर्यादा २५०. या दोन आकड्यांमधली जागा हीच ट्यूनरची जमीन. त्यापलीकडे पाऊल टाकलं की बिल इंजिनाचं नाही, गिअरबॉक्सचं येतं.

पट्ट्यावर फिरणारा पंप

टर्बोचार्जर सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम वायूंवर फिरतो. सुपरचार्जरला असा फुकटचा स्वयंपाक मिळत नाही. तो इंजिनाच्या क्रँकवरून पट्ट्याने फिरतो, म्हणजे इंजिनाचीच थोडी ताकद खाऊन इंजिनाला जास्त हवा भरवतो. बदल्यात वाट पाहायला लावत नाही. पेडल दाबलं की दाब हजर.

ही युक्ती जुनी आहे. मर्सिडीजने सुपरचार्जर लावलेल्या विक्रीच्या गाड्या १९२१ साली बर्लिनच्या प्रदर्शनात मांडल्या. मराठी माणसाचा सुपरचार्जरशी संबंध पुढच्याच दशकातला. इंदूरचे महाराजा यशवंतराव होळकर, दुसरे, यांनी १९३०च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेची ड्यूसनबर्ग एसजे घेतली आणि तिची बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगकडून बांधून घेतली. तिच्या सुपरचार्ज केलेल्या आठ सिलिंडरच्या इंजिनाची ताकद कंपनी ३२० अश्वशक्ती सांगे. त्या काळी ही ताकद आवरायला संगणक नव्हता, चालवणाऱ्याचा उजवा पाय होता.

ठाण्याच्या रस्त्यांवर आज सुपरचार्जर दिसतो तो मागच्या दोन-अडीच दशकांतल्या महागड्या गाड्यांत. पाठीवर ‘कोम्प्रेसर’ असं लिहिलेल्या मर्सिडीज, ऑडीच्या ३.० टीएफएसआय गाड्या, जग्वार आणि रेंज रोव्हरची पाच लिटरची व्ही-८ इंजिनं. जग्वार-लँड रोव्हर २००८पासून टाटा मोटर्सची आहे आणि २०११पासून पुण्यात तिच्या काही गाड्या जोडल्याही जाऊ लागल्या. नव्या असताना या गाड्या कोट्यधीशांच्या होत्या. आठ-दहा वर्षांनी त्यांचे भाव एवढे उतरतात की पगारदार माणसालाही मोह होतो. भाव उतरतो, सुट्या भागांचे दर उतरत नाहीत, हे कळतं पहिल्या सर्व्हिसनंतर.

माया कशी ठेवली जाते हे पाहायला या गाड्यांइतकी चांगली उदाहरणं नाहीत. मर्सिडीजच्या एका जुन्या सी-क्लासमध्ये १.८ लिटरचं सुपरचार्ज इंजिन जगभर तीन रूपांत विकलं गेलं. सी १८०ला १४३ अश्वशक्ती, सी २००ला १६३, सी २३०ला १९२. जग्वारच्या पाच लिटर व्ही-८चं तेच. एक्सएफआरमध्ये ५१०, एफ-टाइप आरमध्ये ५५०, एसव्हीआरमध्ये ५७५. ऑडीचं तीन लिटरचं व्ही-६ क्यू-७मध्ये २७२ आणि ३३३ अशा दोन पायऱ्यांवर मिळायचं. खालच्या पायरीवरचा मालक वरच्या पायरीकडे पाहणारच.

टर्बोगाडीत दाब वाढवायला बहुतेकदा आकडा बदलून भागतं. सुपरचार्जरचा वेग पट्ट्याने इंजिनाशी बांधलेला असतो, म्हणून ट्यूनर त्याच्यावरची पुली काढून लहान व्यासाची बसवतो. पुली लहान झाली की रोटर जास्त वेगाने फिरतात आणि हवा जास्त येते. पण लहान पुलीला पट्ट्याची पकड कमी मिळते, पट्टा घसरतो. रोटर मुळात ठरलेल्या वेगापलीकडे जातात आणि दाबलेली हवा आणखी तापते. ईसीयूला ही अदलाबदल सांगितली नाही, तर त्याचा हवेचा अंदाज चुकतो. म्हणून पुलीबरोबर बायपास झडप उघडण्या-मिटण्याचे तक्ते, भाराची मर्यादा, इंजेक्टरचा वेळ आणि ठिणगीचे अंश हे सगळं एकमेकांशी जुळवून पुन्हा मांडावं लागतं. पूर्ण ताकदीला पेट्रोलचं प्रमाणही वाढवावं लागतं. शांतपणे चालताना एक किलो पेट्रोलला १४.७ किलो हवा हे प्रमाण असतं, दाबाखाली ते बाराच्या आसपास आणतात. ते जास्तीचं पेट्रोल पिस्टन आणि झडपांना थंड ठेवायला खर्च होतं. हा खर्च वाचवायला गेलेल्याचे पिस्टन वितळतात.

घोडबंदरचा उकाडा आणि पंपावरचं पेट्रोल

परदेशातली फाईल इथे जशीच्या तशी का चालत नाही, याचं पहिलं कारण हवामान. हवा दाबली की तापते. २० अंशांची हवा दुप्पट दाबाला नेली, तर पंप अगदी आदर्श असला तरी ती ८४ अंशांच्या आसपास पोचते. तेच ३५ अंशांपासून सुरुवात केली तर शंभराच्या वर जाते. खरा पंप आदर्श नसतो, त्यामुळे खरे आकडे याहून बरेच चढे. हवा जितकी गरम, तितकी ती विरळ आणि तितकाच नॉकचा धोका मोठा.

जग्वार आणि ऑडीच्या या इंजिनांत दाबलेली हवा पाण्याने थंड करतात. ते पाणी पुढच्या छोट्या रेडिएटरमध्ये निववलं जातं आणि रेडिएटर निवायला वारा लागतो. मे महिन्यात कापूरबावडी ते गायमुख रांगेत अडकलेल्या गाडीला वारा कुठून मिळणार? वीस मिनिटं फर्स्ट-सेकंड गिअरमध्ये सरकल्यावर ते पाणी आणि सुपरचार्जरचं अंग दोन्ही तापून बसतात. त्यानंतर मोकळा रस्ता मिळाला आणि पेडल पूर्ण दाबलं, की ईसीयू गरम हवा पाहून टायमिंग मागे घेतो आणि डायनोवरचे घोडे जागेवर नसतात. जाणता ट्यूनर हवेच्या तापमानाच्या दुरुस्तीचे तक्ते हलवत नाही, उलट इथल्या हवेसाठी थोडे कडकच ठेवतो. ‘गाडी दुपारी मंदावते’ अशी तक्रार आली म्हणून ते तक्ते सैल करून देणारा गिऱ्हाईक खूश करतो आणि इंजिन धोक्यात घालतो.

इंजिनाच्या अंगावर नॉक सेन्सर असतो. तो एका विशिष्ट कंपनाकडे, बहुधा सहा-सात किलोहर्ट्झच्या आसपास, कान लावून बसलेला असतो. ते ऐकू आलं की ईसीयू त्या सिलिंडरची ठिणगी काही अंश मागे घेतो. पद्मिनीच्या मिस्त्रीचा कान आता इंजिनावर बसवलेला आहे. हा कान बोथट करून, म्हणजे त्याची संवेदनशीलता कमी करून ताकद दाखवणं हा या धंद्यातला सर्वांत मोठा गुन्हा.

दुसरं कारण पेट्रोल. आपल्या साध्या पेट्रोलचा ऑक्टेन, म्हणजे नॉक सोसण्याची कुवत सांगणारा आकडा, बराच काळ ९१ होता. युरोपात ज्या इंजिनांचा हिशेब ९५ किंवा ९८वर मांडलेला असतो, त्यांना हे पातळ पडायचं. इंडियन ऑइलने डिसेंबर २०२०मध्ये १०० ऑक्टेनचं एक्सपी१०० आणलं आणि पहिल्या शहरांत मुंबई-पुणे होते. पण ते ठरावीक पंपांवरच मिळतं. १००वर मांडलेला मॅप घेऊन गाडी नाशिक, धुळ्याकडे निघाली आणि वाटेत साधं पेट्रोल भरावं लागलं, तर काय? म्हणून नीट ट्यूनरचा पहिला प्रश्न “किती घोडे हवेत?” हा नसतो. “पेट्रोल कुठलं टाकता, आणि कायम तेच मिळतं का?” हा असतो.

तिसरं कारण आपल्या शेतांतून आलं. २०२३पासून २० टक्के इथेनॉल मिसळलेलं ई-२० पेट्रोल पंपांवर येऊ लागलं आणि २०२५पर्यंत ते देशभर पोचलं. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते. एक किलो इथेनॉलला सुमारे नऊ किलो. म्हणून ई-२०चं हवा-इंधनाचं प्रमाण १४.७ ऐवजी साडेतेराच्या आसपास येतं. शुद्ध पेट्रोलच्या मानाने तेवढ्याच हवेला नऊ टक्क्यांच्या आसपास जास्त इंधन लागतं. सौम्य चालीत ईसीयू ऑक्सिजन सेन्सर पाहून हा फरक भरून काढतो. पण रिमॅप केलेल्या गाडीचे इंजेक्टर आणि पंप आधीच मर्यादेजवळ असतात, तिथे हे नऊ टक्के आणायचे कुठून? उलट बाजूने पाहिलं तर इथेनॉल नॉकला चांगला विरोध करतं आणि आतली हवा थंडही करतं. एकाच पेट्रोलमध्ये ट्यूनरला आडवं येणारं आणि मदतीला धावणारं असं दोन्ही आहे. जुन्या फायली ई-२०साठी पुन्हा तपासून घेणं हे या पट्ट्यातल्या ट्यूनरसमोरचं आजचं मोठं काम आहे.

कायदा, धूर आणि लबाडी

मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५२नुसार आरसी बुकातला तपशील आणि कंपनीने मुळात दिलेला तपशील यांत फरक पडेल असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये हीच भूमिका ठामपणे मांडली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ आलं. परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही. सॉफ्टवेअरचा बदल डोळ्यांनी दिसत नाही आणि पीयूसी केंद्रातल्या तपासणीत बहुधा पकडला जात नाही. पकडला जात नाही म्हणून तो कायदेशीर ठरत नाही. कंपनी मात्र पकडते. फोक्सवॅगन समूहाच्या सर्व्हिस सेंटरला बदललेलं सॉफ्टवेअर आढळलं की गाडीच्या नोंदीत ‘टीडी१’ असा शिक्का पडतो आणि वॉरंटीचं दार मिटतं. विमा कंपनीला बदल कळवला नसेल तर अपघातानंतर दावा अडू शकतो.

सगळ्यांत वाईट प्रकार डिझेल गाड्यांत चालतो. एप्रिल २०२०च्या बीएस-६ नियमांनंतर डिझेल मोटारींत काजळी अडवणारं डीपीएफ हे गाळणं सर्रास आलं. शहरातल्या तुटक फेऱ्यांत ते तुंबतं. ते साफ करायला लांब, वेगातला प्रवास लागतो. त्याऐवजी गाळणं फोडून टाकायचं आणि ईसीयूला ‘ते आहे’ असं खोटं सांगायचं, याला ‘डीपीएफ डिलीट’ म्हणतात. काळा धूर सोडत शिळफाट्यावरून निघालेली एसयूव्ही मागच्या स्कूटरवरच्या पोराच्या तोंडात काय सोडते, ते मालकाला आरशात दिसतंच.

ईसीयूला खोटं बोलायला फक्त गल्लीतला ट्यूनर शिकवतो असं नाही. सप्टेंबर २०१५मध्ये उघड झालं की खुद्द फोक्सवॅगनने जगभरातल्या सुमारे १.१ कोटी डिझेल गाड्यांत असं सॉफ्टवेअर भरलं होतं, जे चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरतं शहाण्यासारखं वागायचं. भारतात पुण्याच्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेच्या चाचण्यांत काही गाड्यांचं रस्त्यावरचं नायट्रोजन ऑक्साइड मर्यादेच्या १.१ ते २.६ पट भरलं. डिसेंबर २०१५मध्ये कंपनीने ३,२३,७०० गाड्या परत बोलावल्या. २०१९मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने ५०० कोटींचा दंड ठोठावला, त्याच्या वसुलीविरुद्ध कंपनीला सर्वोच्च न्यायालयात दिलासा मिळाला. जगातली एक मोठी कंपनी आणि एखाद्या शेडमधला डीपीएफ उडवणारा, दोघांनी वापरलेलं हत्यार एकच. तक्त्यातले आकडे.

याच कसबाची सरळ बाजूही इथून दोन-तीन तासांच्या अंतरावर आहे. पुण्या-चाकणच्या कंपन्यांत शेकडो मराठी इंजिनिअर ‘कॅलिब्रेशन’ या नावाने हेच तक्ते भरतात, उन्हाळ्यात, थंडीत, घाटात गाड्या चालवून. एका मॉडेलला त्यांची कित्येक वर्षं जातात. वेगाची हौस असलेल्यांसाठी अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘व्हॅली रन’सारख्या स्पर्धा होतात. तिथे हेल्मेट आणि तपासणी असते, रुग्णवाहिका तयार असते आणि समोरून कुणी रस्ता ओलांडत नाही. जून २०२५मध्ये समृद्धी महामार्ग भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत पूर्ण उघडला. इगतपुरी आता ठाण्याहून हाकेच्या अंतरावर आली. पण त्या महामार्गावर मोटारीची मर्यादा जास्तीत जास्त ताशी १२० आहे. स्टॉक पोलोही ती सहज गाठते. जास्तीचे घोडे घेऊन त्या रस्त्यावर काय करायचं, याचं उत्तर कुठल्याच फाईलमध्ये नाही.

गाडी द्यायच्या आधी

तरीही कुणाला रिमॅप करायचाच असेल, तर काही गोष्टी ठामपणे मागा. तुमची स्टॉक फाईल तुमच्या पेनड्राइव्हवर घ्या, म्हणजे उद्या गाडी मूळपदावर आणता येईल. फाईल कोण बदलणार हे विचारा. “वरून येते” असं उत्तर मिळालं तर परत फिरा. आधीचा आणि नंतरचा डायनो आलेख, दोन्ही त्याच यंत्रावरचे, आणि रस्त्यावरचा लॉग मागा. त्या लॉगमध्ये नॉकमुळे मागे घेतलेलं टायमिंग आणि हवेचं तापमान असलं पाहिजे. इंधन कुठलं टाकायचं, हे लेखी घ्या. डीपीएफ, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, नॉक सेन्सर यांतल्या कशालाही हात लावू देऊ नका. विमा कंपनीला कळवा. जुनी सुपरचार्ज गाडी असेल तर घोडे वाढवायच्या आधी तिचा पट्टा, पुली, पाण्याचे पंप आणि नळ्या बदलून घ्या. कित्येकदा एवढ्यानेच हरवलेले घोडे परत येतात आणि रिमॅपची गरज उरत नाही.

एक निकष मात्र सगळ्यांत सोपा आहे. ज्या ट्यूनरने तुम्हाला एकदा तरी “एवढं नको, थांबा” असं सांगितलं, त्याच्याकडे गाडी द्या. कंपनीने ठेवलेली माया आपल्याच हवेसाठी, आपल्याच पेट्रोलसाठी आणि आपल्याच घोडबंदरसाठी ठेवलेली असते, आणि ती सगळी उसवणाऱ्याला हे काम आलेलंच नसतं.